सहाचा पॉइंट, सोळाचा की युनिव्हर्सल? घर बांधणाऱ्यांसाठी सॉकेटची तुलना

खानापूर भागात घर बांधणारा माणूस देवघराच्या फरशीसाठी बेळगावला दोन-तीन फेऱ्या मारतो, खिडकीच्या ग्रिलची नक्षी स्वतः निवडतो. पण भिंती फोडून पाइप टाकायची वेळ आली की म्हणतो, "पॉइंट तुम्हीच ठरवा की मामा, तुम्हाला सगळं कळतंय." वीस वर्षं बेळगाव आणि खानापुरात फिटिंगची कामं करतोय, आणि हे वाक्य ऐकलं की मला काळजी वाटते. फरशी नाही आवडली तर बदलता येते. गिलाव्याच्या आत गेलेली वायर जाड करता येत नाही. म्हणून कुठलं सॉकेट कुठे, हे घरात राहणाऱ्यानं समजून घेऊन ठरवावं.

दुकानात काचेखाली दहा प्रकार मांडलेले दिसतात, पण आपल्या देशाचे मूळ प्रकार दोनच. लहान तीन गोल पिनांचा आणि मोठा तीन गोल पिनांचा. जगभरच्या यादीत लहान्याला डी आणि मोठ्याला एम म्हणतात. गल्लीतले जुने लोक अजून पाचचा आणि पंधराचा म्हणतात, कारण हे आकार मुळात ब्रिटिशांच्या १९३४ च्या मानकातले, आणि तिथे आकडे पाच आणि पंधरा अँपिअर असेच होते. ब्रिटिशांनी १९४७ मध्ये स्वतःसाठी चौकोनी पिनांचा नवा प्लग आणला. आपण जुनाच पुढे चालवला. मोठा प्लग दक्षिण आफ्रिकेतही आहे. आपलं आजचं मानक आयएस १२९३. त्यात आकडे ६ आणि १६ अँपिअर.

दोन्ही टॉप, म्हणजे प्लग, हातात घेऊन बघा. लहान्याच्या फेज-न्यूट्रलच्या पिना साधारण ५.१ मिलिमीटर जाड, मोठ्याच्या ७.१. मोठ्याच्या पिनांमधलं अंतरही जास्त, एक इंच. त्यामुळे सोळाचा टॉप सहाच्या सॉकेटात जातच नाही. ही अडचण मुद्दाम ठेवलेली आहे. जास्त वीज ओढणारं यंत्र कमी ताकदीच्या पॉइंटवर लागू नये म्हणून भोक लहान ठेवलंय. पुढचं सगळं या एका गोष्टीवर अवलंबून आहे.

आता हिशेब. आपल्याकडे २३० व्होल्ट. सहा अँपिअरचं सॉकेट म्हणजे २३० गुणिले ६, १३८० वॉट. सोळाचं म्हणजे ३६८० वॉट. टीव्ही, पंखा, चार्जर, साडेसातशे वॉटचा मिक्सर, हजार वॉटची इस्त्री, हे सगळं सहावर निवांत चालतं. दोन हजार वॉटचा गिझर पावणेनऊ अँपिअर ओढतो, तो सहावर चालत नाही. इंडक्शनची शेगडी, दीड हजाराचा पाण्यात बुडवायचा रॉड, गरम पाणी करणारं वॉशिंग मशीन, ओव्हन, या सगळ्यांना सोळाच लागतं. यंत्राच्या मागच्या पट्टीवर वॉट लिहिलेले असतात. त्यांना २३० नं भागा आणि उत्तर सहाच्या वर गेलं की सोळाचा पॉइंट द्या.

सहा आणि सोळा यांच्या किमतीत फरक आहे, पण खरा फरक सॉकेटाच्या मागे आहे. सोळाच्या पॉइंटला किमान २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर थेट मुख्य बोर्डापासून यायला हवी, तिचा एमसीबी, म्हणजे जास्त वीज ओढली की आपोआप पडणारा स्विच, वेगळा हवा. लांब अंतर असेल, किंवा गिझर असेल, तर मी ४ ची टाकतो. काही ठिकाणी दिव्याच्या दीडच्या वायरीवरच सोळाचं तोंड बसवून दिलेलं मी पाहिलंय. बाहेरून पॉवर पॉइंट दिसतो, आत वायर तापत असते. त्यामुळे घरमालकानं तोंड कुठल्या कंपनीचं हे विचारण्याआधी "मागे वायर कितीची?" हे विचारावं. आणि गिलाव्याआधी प्रत्येक भिंतीचा मोबाइलवर फोटो काढून ठेवावा.

कन्व्हर्टर

हा प्रकार तुलनेत घ्यायलाच नको होता. पण तो घराघरात आहे. सोळाचा टॉप एका बाजूनं घुसवायचा आणि दुसऱ्या बाजूनं सहाच्या सॉकेटात लावायचा, असा तो छोटा ठोकळा. मुद्दाम ठेवलेली अडचण तो काढून टाकतो.

माझ्या बहिणीच्या घरी डिसेंबरात असंच झालं. बेळगाव साडेसातशे मीटर उंचीवर, पहाटेची थंडी बोचते, म्हणून न्हाणीबाहेरच्या सहाच्या बोर्डावर कन्व्हर्टर लावून रॉड चालवत होते. महिनाभरानं बोर्ड पिवळा पडला, मग एका सकाळी जळका वास आला. सॉकेटातली पितळी पकड सैल झाली होती. सैल पकडीत अर्धा ओहम जरी अडथळा तयार झाला, तरी साडेसहा अँपिअरला तिथे एकवीस वॉट उष्णता होते. लहान सोल्डरिंग आयर्न पंचवीस वॉटचं असतं, त्यानं शिसं वितळतं. जवळपास तेवढीच आग नखाएवढ्या जागेत, प्लास्टिकच्या आत, रोज अर्धा तास. एमसीबी पडत नाही, कारण ओढली जाणारी वीज त्याच्या मर्यादेतच असते. म्हणून सांगतो, न्हाणीजवळ आणि ओट्यावर सोळाचा पॉइंट आधीच ठेवा, म्हणजे हा ठोकळा आणायची वेळच येणार नाही.

सहा-सोळा एकत्र

एकाच प्लेटवर दोन्ही टॉप बसतील अशी सॉकेटं आता सर्रास मिळतात, आणि स्वयंपाकघरासाठी मला ती पटतात. आज मिक्सर, उद्या इंडक्शन, जागा तीच. मात्र दोन गोष्टी बघून घ्या. स्वस्त मालात लहान आणि मोठ्या पिनेला एकच पकड असते. मोठी पिन चार महिने लावली की ती पकड रुंदावते, मग लहान पिन आत हलते. दुकानातच सहाचा टॉप लावून हलवून बघा. दुसरी गोष्ट, या सॉकेटामागचा एमसीबी सोळाचा असतो. तुमच्या टेबल लॅम्पची वायर केसाएवढी बारीक. तिच्यात बिघाड झाला तर ती तापेल, पण सोळाचा एमसीबी लवकर पडेलच असं नाही. म्हणून हॉल, झोपायची खोली, मुलांची खोली इथे साधं सहाचंच घ्यावं.

युनिव्हर्सल

चपटी, चौकोनी, गोल, कुठलीही पिन आत जाईल असं वेडंवाकडं भोक असलेलं हे सॉकेट. पुण्या-मुंबईकडून, परदेशातून पाहुणे येतात, सगळ्यांची सोय होते, म्हणून लोक मागतात. मी घरात बसवायला नको म्हणतो, आणि कारण सरळ आहे. सगळ्यांना बसेल अशी पकड कोणालाच घट्ट धरत नाही. ५.१ मिलिमीटरची पिन धरायला केलेली पट्टी ४ मिलिमीटरच्या पिनेला कशी धरणार? वर म्हटलेला सैलपणाचा धोका इथे पहिल्या दिवसापासून आहे. शिवाय रुंद भोकातून लहान मुलाची सळी किंवा केसातली पिन सहज आत जाते. मोबाइल आणि लॅपटॉपपुरतं एखादं असेल तर चालेल, त्यावर तापणारं काही लावू नका. पाच भोकांचं जे जुनं सहाचं सॉकेट असतं, तीन पिन आणि दोन पिन दोन्ही घेणारं, ते युनिव्हर्सल नव्हे. ते चांगलं आहे, बिनधास्त घ्या.

बाहेरून आलेल्या वस्तू

निपाणी, खानापूर, बेळगाव, कुठेही जा, एखादा भाऊ किंवा भाचा आखातात असतोच. येताना तो मिक्सर, इस्त्री, किटली आणतो. तिकडचा प्लग ब्रिटिश, जी प्रकारचा, तीन चौकोनी पिना. माझ्या मते हा आकार जगात सगळ्यात विचार करून केलेला आहे. टॉपच्या आतच ३, ५ किंवा १३ अँपिअरचा फ्यूज असतो, त्यामुळे मागची लाइन कितीही जाड असली तरी यंत्राची बारीक वायर वाचते. टेबल लॅम्पबद्दल जी काळजी मी वर सांगितली ती या प्लगनं सोडवलीय. मग घरात या जी प्रकारचीच सॉकेटं बसवू का, असं एका घरमालकानं मला विचारलं होतं. बसवू नका. उद्या घेतलेली प्रत्येक नवी वस्तू इथल्या टॉपची असणार आणि तुम्ही कायम ठोकळे शोधत बसणार.

त्यापेक्षा आलेल्या वस्तूचा टॉप बदला. दुबईतली वीजही २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ, म्हणजे यंत्राला काही फरक पडत नाही. वायर कापल्यावर तपकिरी फेज, निळी न्यूट्रल, हिरवी-पिवळी अर्थ. किटली, इस्त्री तेराशे वॉटच्या वर असेल तर सोळाचा टॉप, नाहीतर सहाचा. सौदीहून आलेल्या मोटरच्या वस्तूकडे मात्र नीट बघा. तिकडे ६० हर्ट्झ आहे. साधी इंडक्शन मोटर आपल्या ५० वर साधारण सहाव्या हिश्शानं हळू फिरते आणि जास्त तापते.

मुलगा जर्मनीत शिकायला असेल तर तिकडचे दोन प्रकार येतात. चार्जरची बारीक दोन पिनांची टोपी, सी प्रकारची, अडीच अँपिअरपुरतीच असते. ती आपल्या सॉकेटात थोडी सैल बसते पण चार्जरला चालून जाते. दुसरा जाडजूड गोल टॉप, एफ प्रकारचा, १६ अँपिअरचा. याच्या पिना ४.८ मिलिमीटरच्या, आपल्या सहाच्या भोकात त्या जातात आणि म्हणूनच लोक फसतात. त्याचं अर्थिंग पिनेत नसतं, कडेच्या दोन पट्ट्यांत असतं, आणि आपल्या सॉकेटात त्या पट्ट्यांना भिडायला काहीच नाही. यंत्र चालतं, अर्थ नसतं. लोखंडी अंगाची वस्तू असेल तर हा टॉप कापून तीन पिनांचा लावाच.

अमेरिकेच्या चपट्या पिनांच्या वस्तूंचा प्रश्न आकाराचा नाही. तिकडे १२० व्होल्ट. तिकडची किटली किंवा केस वाळवायचं यंत्र इथे लावलं तर ते जवळपास पावणेचारपट वीज ओढायला जातं आणि जळतं. पट्टीवर १००–२४० लिहिलेलं असेल तरच लावा.

अर्थिंग आणि शटर

तिसरी पिन लांब का असते, हे सांगितल्यावर माणसाला तिची किंमत कळते. टॉप लावताना ती सगळ्यात आधी टेकते आणि काढताना सगळ्यात शेवटी सुटते, म्हणजे यंत्रात वीज असेपर्यंत अर्थ जोडलेलंच राहतं. शटर असलेल्या सॉकेटात तीच पिन आतली झडप उघडते. आपल्याकडे दोन पिनांची टोपी घालायला लोक वरच्या भोकात काडी नाहीतर स्क्रूड्रायव्हर खुपसतात. घरात लहान मुलं असतील तर ही सवय त्यांच्यासमोर करू नका. ती बघून शिकतात. शटरवालीच सॉकेटं घ्या आणि दोन पिनांसाठी पाच भोकांची वेगळी ठेवा.

कणकुंबी, जांबोटीच्या बाजूला पावसाळ्यात भिंती ओलावतात, तिथे अर्थिंग जीव वाचवतं. पण तिथलीच जांभ्याची जमीन उन्हाळ्यात कोरडी पडली की वीज नीट मुरवून घेत नाही. कोळसा-मिठाचा खड्डा केला असेल तर मार्च-एप्रिलात त्यात पाणी ओतत जा. आणि मुख्य बोर्डात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळाली की लाइन तोडणारा स्विच, बसवा.

खोल्यांचं माझं गणित असं असतं. ओट्यावर सहा-सोळाची दोन, दोन्ही वेगळ्या लाइनीवर, शिवाय सहाची तीन; सिंकपासून लांब. न्हाणीत गिझरला सोळाचं, उंचावर, त्याचं स्विच बाहेर. टीव्हीमागे सहाची चार, म्हणजे एक्स्टेन्शन बोर्ड लागत नाही. पडवीत एक सोळाचं, उद्या इलेक्ट्रिक स्कूटर आली तर तिचा चार्जर चार-चार तास सलग चालतो. इन्व्हर्टरवर फक्त दिवे, पंखे आणि एखाद-दुसरं सहाचं. पावसात लाइट गेल्यावर कोणी चुकून सोळावर रॉड लावला तर बॅटरी बसते. माल घेताना आयएसआय खूण आणि तिच्या वर १२९३ हा आकडा बघा.

शहापूर, वडगावातली जुनी घरं दुरुस्त करत असाल तर नवीन सॉकेट बसवण्याआधी एक काम करून घ्या. तिथे तीन भोकांचं सॉकेट असतं, पण वरच्या भोकामागे कित्येकदा वायरच नसते. नुसत्या टेस्टरनं ते कळत नाही. वायरमनला शंभर वॉटचा बल्ब फेज आणि अर्थच्या मध्ये लावून बघायला सांगा. बल्ब लख्ख पेटला, किंवा आरसीसीबी तिथल्या तिथे पडला, तर अर्थ आहे. मंद पेटला किंवा पेटलाच नाही, तर आधी हिरवी वायर ओढून घ्या, तोंडं मग निवडा.