को-विन: दाखल्याला पैकीच्या पैकी, रांगेला काठावर पास

को-विन म्हणजे करोना लसीकरणाचं एक सरकारी संकेतस्थळ, असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात एकाच नावाखाली तीन वेगळ्या सेवा होत्या. लशीचा साठा आणि सत्रांचं वेळापत्रक सांभाळणारी सरकारी वही, लोकांनी वेळ घ्यायची खिडकी आणि शेवटी हातात पडणारा दाखला. वही बरी चालली, दाखला उत्तम निघाला. खिडकी मात्र अशी होती की सरकारी कारभाराबद्दल लोकांचं जे काही मत झालं, ते बरंचसं तिथेच झालं. म्हणून तिन्हींना एकच गुण देणं बरोबर नाही.

सुरुवातच अडखळत झाली. 16 जानेवारी 2021 ला देशभर लसीकरण सुरू झालं. तेव्हा लस फक्त आरोग्य कर्मचाऱ्यांना होती आणि नावं रुग्णालयांनीच भरलेली होती, तरीही पहिल्या दिवसानंतर लगेच महाराष्ट्राला काम थांबवावं लागलं, कारण ॲप चालेना. 1 मार्चला साठीपुढच्यांसाठी दार उघडलं तेव्हा सुधारलेली आवृत्ती आली. केंद्रावर थेट जाऊन नोंदणी करायची सोय असल्यामुळे ज्येष्ठांचा टप्पा तुलनेनं सुरळीत गेला. खरी परीक्षा 28 एप्रिलच्या दुपारी 4 वाजता झाली. 18 वर्षांपुढच्यांची नोंदणी सुरू झाली आणि त्या एका दिवसात 1 कोटी 30 लाखांहून जास्त नावं चढली. साइट काही वेळ कोलमडली, पण उठली. इथपर्यंत तक्रार नाही. नोंदणी झाली म्हणजे लस मिळाली असं मात्र नव्हतं, आणि ही गोष्ट पडद्यावर कुठेच ठळक लिहिलेली नव्हती.

नोंदणी सोपी होती. मोबाइल नंबर टाकायचा, ओटीपी येईपर्यंत थांबायचं, फोटो ओळखपत्राचा प्रकार आणि क्रमांक, नाव, लिंग आणि जन्मवर्ष भरायचं. एका नंबरावर चार माणसं बसत (जानेवारी 2022 पासून सहा). गर्दीत ओटीपी उशिरा येई आणि पुन्हा मागवायला 180 सेकंद थांबावं लागे. अधीर माणूस दोनदा मागवी, मग दुसरा आल्यावर पहिला टाकी आणि साइटला शिव्या घाली. पुढचा टप्पा स्लॉटचा, म्हणजे केंद्रावरची वेळ मिळवण्याचा. पिनकोडने शोधलं तर त्या पिनपुरतीच केंद्रं दिसत, जिल्ह्याने शोधलं तर सगळी. अनुभवी मंडळी जिल्हाच निवडत. लॉगिन साधारण 15 मिनिटांनी आपोआप बाहेर काढी. म्हणजे स्लॉट सुटण्याची वाट बघत बसलेला माणूस नेमका स्लॉट सुटताना ओटीपीच्या रांगेत असे.

स्लॉट किती वाजता सुटणार हे ठरलेलं नव्हतं, आणि ही को-विनची सर्वांत मोठी चूक. रेल्वेचं तत्काळ कितीही बदनाम असलं तरी त्याची वेळ ठाऊक असते. इथे एखादं केंद्र सकाळी सोडी, एखादं रात्री. ज्याला दिवसभर फोन हातात धरता येतो त्याला लस, असा हिशेब झाला. साइटने आपली माहिती बाहेरच्या प्रोग्रामांना खुली ठेवली होती. त्यावर हुशार पोरांनी टेलिग्रामचे इशारे बांधले, तेव्हा सरकारने ती माहिती अर्ध्या तासापर्यंत शिळी दाखवायला सुरुवात केली. त्यामुळे इशारा येई तेव्हा स्लॉट केव्हाच गेलेला असे. मग कॅप्चा आला. वाकडीतिकडी अक्षरं वाचेपर्यंत ‘उपलब्ध 12’ चा शून्य होई.

त्यातून जे व्हायचं ते झालं. पालघर, रायगडसारख्या जिल्ह्यांतल्या आरोग्य केंद्रांवर मुंबई-ठाण्याच्या गाड्या लागल्या, कारण शहरातल्या वेगवान नेटवर गावचे स्लॉट बुक झाले होते. गावातला माणूस आपल्याच केंद्राच्या दारात उभा, यादीत नाव शहरातल्याचं. 18 ते 44 वयोगटाला 24 मेपर्यंत थेट केंद्रावर जाऊन नोंदणीची सोयच नव्हती. 31 मेला सर्वोच्च न्यायालयाने या डिजिटल दरीवर बोट ठेवलं, आणि मराठीसह प्रादेशिक भाषांतली पानं आली ती त्यानंतर, जूनमध्ये. महाराष्ट्राच्या खेड्यांसाठीची सेवा पाच महिने इंग्रजीत चालवून ‘ग्रामीण भागात लशीबद्दल उदासीनता आहे’ असे अहवाल लिहिणं, याला काय म्हणावं?

एक सुधारणा मात्र चांगली होती. स्लॉट बुक करूनही केंद्रावर न गेलेल्यांच्या नावापुढे ‘लस दिली’ अशी नोंद पडू लागली, तेव्हा 8 मेपासून चार अंकी गुप्त कोड आला. केंद्रावर तो सांगितल्याशिवाय नोंद पूर्ण होत नसे. असं कुलूप पुढेही सगळीकडे घट्ट ठेवायला हवं होतं. वर्षाअखेरीस न घेतलेल्या दुसऱ्या डोसचे अभिनंदनपर मेसेज आल्याच्या तक्रारी अनेक राज्यांतून झाल्या.

खिडकीचं कितीही दुरुस्त केलं तरी मागे माल नव्हता, हेही सांगायला हवं. 1 मेपासून निम्मी लस केंद्राला, उरलेली राज्यं आणि खासगी रुग्णालयं यांना, अशी वाटणी झाली. महाराष्ट्राने तरुणांचं लसीकरण सुरू केलं आणि मेच्या मध्यात ते थांबवून साठा 45 पुढच्यांच्या दुसऱ्या डोसकडे वळवला. 21 जूनपासून केंद्रानेच खरेदी करून लस मोफत द्यायला घेतली, तेव्हा कुठे चित्र बदललं. खासगीत तोवर कोविशिल्डची कमाल किंमत 780 रुपये, कोव्हॅक्सिनची 1410 आणि स्पुटनिकची 1145 ठरली होती.

आता प्रत्यक्ष केंद्र. कागदावरची रचना नेटकी होती: प्रतीक्षा, लस आणि निरीक्षण अशा तीन खोल्या, लस टोचणारी सिस्टर आणि तिच्यासोबत चार जण, सुरुवातीला एका सत्राला 100 माणसं. टोचल्यावर अर्धा तास बसवायचं आणि चार गोष्टी सांगायच्या: कुठली लस दिली, पुढचा डोस कधी, काय त्रास होऊ शकतो आणि मास्क सोडायचा नाही. ज्या केंद्रावर हे चार निरोप नीट दिले गेले तिथली माणसं दुसऱ्या डोसला परत आली. जिथे ‘झालं, जा, पुढचा’ एवढंच ऐकू आलं, तिथे रात्री ताप चढल्यावर गावभर वेगळीच बातमी गेली. ‘उद्या अंग मोडून येईल, ताप येईल, पॅरासिटामॉल घ्या, दोन दिवसांत उतरेल’ हे वाक्य आधी सांगितलं तर ती सूचना असते. नंतर सांगितलं तर सारवासारव वाटते.

पण उपकेंद्रावर खरा पेच बाटलीचा होता. कोविशिल्डच्या एका व्हायलमध्ये 10 डोस, प्रत्येकी अर्धा मिलिलिटर. कोव्हॅक्सिनच्या सुरुवातीच्या व्हायलमध्ये तर 20. झाकण फोडलं की चार तासांत संपवायची, उरलं ते टाकायचं. वाया गेलेल्या डोसांचा हिशेब जिल्ह्याला, जिल्ह्याचा राज्याला, राज्याचा दिल्लीला. आता पाड्यावरच्या सत्रात सहाच माणसं आली तर सिस्टरने काय करायचं? ती म्हणते, ‘अजून चार जण येऊ द्या, मग बाटली फोडते.’ त्या सहांमधल्या दोघी मजुरी पाडून आलेल्या असतात. तासभर बसतात आणि उठून जातात, कारण दुपारनंतर शेतात गेलं तर निदान अर्धा रोज मिळतो. रजिस्टरमध्ये याची नोंद ‘लाभार्थी अनुत्सुक’ अशी होते. ज्याला लशीबद्दलची भीती म्हणून मोजलं, त्यातला बराच भाग खाडा पडण्याचा होता, असं माझं स्पष्ट मत आहे. याच बाटलीची दुसरी बाजू केरळने दाखवली. भरताना कंपनी थोडी जास्त लस घालते, हात सराईत असेल तर अकरावा डोस निघतो. मे 2021 च्या सुरुवातीला केरळला मिळाले होते 73,38,806 डोस आणि दिले गेले होते 74,26,164. परिचारिकांच्या कौशल्याचा याहून चांगला दाखला नाही.

विश्वासाला सर्वांत मोठा तडा सुईने नाही, तारखेने दिला. कोविशिल्डच्या दोन डोसांतलं अंतर आधी 4 आठवडे होतं, मार्चमध्ये ते 8 पर्यंत वाढलं आणि 13 मेला थेट 12 ते 16 आठवडे झालं. शास्त्रीय कारण दिलं गेलं: अंतर वाढवल्यास परिणाम चांगला, ब्रिटनचा अनुभव तसा आहे. दुसऱ्याच दिवशी त्याच ब्रिटनने पन्नाशीपुढच्यांसाठी अंतर 12 वरून 8 आठवड्यांवर आणलं, विषाणूच्या डेल्टा प्रकारामुळे. निर्णय कदाचित योग्यही असेल. पण लस संपली आहे आणि अंतर वाढलं आहे हे एकाच आठवड्यात ऐकणाऱ्याने दोन्हींची सांगड घातली तर त्याला अडाणी म्हणता येत नाही. वर को-विन 84 दिवसांच्या आत दुसरा डोस घेईना, त्यामुळे आधी बुकिंग झालेली माणसं केंद्रावरून परतली. त्यांच्या ठरलेल्या वेळा पाळाव्यात, हा खुलासा नंतर आला. कोव्हॅक्सिनबाबतही तेच. तिसऱ्या टप्प्यातल्या चाचण्यांचे निष्कर्ष हाती नसताना परवानगी दिली आणि सुरुवातीला संमतीपत्रावर सही मागितली. त्या सहीला घाबरणाऱ्यांत डॉक्टरही होते.

पाऊस ओसरल्यावर साठा मुबलक झाला आणि प्रश्न उलटा झाला: लस आहे, माणूस नाही. ऑक्टोबरात राज्याने ‘मिशन कवच कुंडल’ ही लसीकरण मोहीम चालवली, नोव्हेंबरात घरोघर जाणारी ‘हर घर दस्तक’ आली. सोबत सक्तीही आली. मुंबईच्या लोकलला 15 ऑगस्टपासून दोन डोस आणि वर 14 दिवस ही अट होतीच. औरंगाबादच्या जिल्हाधिकाऱ्यांनी रेशन, गॅस आणि पेट्रोलसाठी निदान एक डोस मागितला. याचा उपयोग झाला, पण कोणावर? जो ‘घेऊ की पुढच्या आठवड्यात’ म्हणत होता त्याच्यावर. जो खरोखर घाबरला होता तो पेट्रोलसाठी बदलला नाही, आशाताई तिसऱ्यांदा घरी आली तेव्हा बदलला. आशाताईंच्या त्या फेऱ्यांना को-विनच्या पडद्यावर रकाना नव्हता.

सक्तीने दाखल्याची किंमत वाढवली आणि किंमत आली की बनावटही येतो. बनावट लसीकरण तर सक्तीच्याही आधी झालं होतं. 30 मे 2021 ला कांदिवलीच्या एका गृहसंकुलात सुमारे 390 जणांनी माणशी 1260 रुपये देऊन शिबिरात ‘लस’ घेतली. संशय आला तो दोन गोष्टींनी. दाखले वेगवेगळ्या रुग्णालयांच्या नावाने आले आणि कोणालाही ताप आला नाही. ज्या तापाला सगळा देश घाबरत होता, तो न आल्यामुळे ही फसवणूक उघडी पडली.

दाखला स्वतः मात्र भक्कम बनवलेला आहे. खालचा क्यूआर कोड नुसता दुवा नाही, त्यात स्वाक्षरी केलेली माहिती आहे. अधिकृत पानावर स्कॅन केला की खरं-खोटं लगेच कळतं. भारतीय प्रवाशांचं लसीकरण मानण्यावरून ब्रिटनशी वाद झाला तो लशीइतकाच दाखल्यावरून, कारण त्यावर वय होतं, पूर्ण जन्मतारीख नव्हती. ती नंतर टाकता येऊ लागली.

दाखल्यात चूक असेल तर लॉगिन करून ‘रेझ ॲन इश्यू’ मध्ये जायचं. नाव, जन्मवर्ष, लिंग आणि ओळखपत्र यांपैकी दोनच गोष्टी बदलता येतात, आणि तेही एकदाच. आपल्याकडे नेमकी इथेच गफलत होते. आधारवर माहेरचं नाव, पासपोर्टवर सासरचं. किंवा एकीकडे मधलं नाव आहे, दुसरीकडे नाही. घाईने एक अक्षर सुधारलं तर मोठी चूक दुरुस्त करायची संधी गेली. म्हणून पासपोर्ट शेजारी उघडा ठेवून, सगळ्या चुका कागदावर लिहून मगच बटण दाबायचं. पासपोर्ट क्रमांक जोडण्याचा पर्याय वेगळा आहे, तो या दोनांत मोजू नका.

दुसरी नेहमीची अडचण म्हणजे दोन्ही डोस घेतलेत आणि हातात पहिल्या डोसचेच दोन दाखले आहेत. दुसऱ्या वेळी वेगळा मोबाइल नंबर किंवा वेगळं ओळखपत्र दिलं की यंत्रणेला ती दोन माणसं वाटतात. त्यासाठी दोन दाखले एकत्र करायचा पर्याय त्याच पानावर दिला. उलट, न घेतलेल्या डोसची नोंद असेल तर ती मागे घेता येते. त्याला तीन ते सात दिवस लागतात असं साइट सांगे.

बूस्टरबद्दल थोडक्यात. 10 एप्रिल 2022 पासून 18 ते 59 वयोगटाला तो खासगीत विकत दिला. किंमत 225 रुपयांवर आणून वर सेवाशुल्क 150 पर्यंत ठेवलं, तरी पात्र लोकांपैकी 1 टक्क्याहूनही कमी लोकांनी तो घेतला. जुलैत 75 दिवसांसाठी मोफत केला तेव्हा हालचाल दिसली. साथ ओसरली होती, हे एक कारण. आणि ‘प्रिकॉशन डोस’ (बूस्टरचं सरकारी नाव) म्हणजे नक्की काय, हे कोणी समजेल अशा मराठीत सांगितलंच नाही.

2024 मध्ये, कोविशिल्ड मूळ ज्या कंपनीची त्या ॲस्ट्राझेनेकाने ब्रिटनच्या न्यायालयात रक्तगाठींच्या अतिदुर्मीळ दुष्परिणामाची कबुली दिल्याच्या बातम्या आल्या आणि लोक पुन्हा दाखले उघडून आपण कोणती लस घेतली ते पाहू लागले. दाखल्यावर पंतप्रधानांचा फोटो नाही हे तेव्हा लक्षात आलं. कारण निवडणूक आचारसंहिता होतं, लस नव्हे. लॉगिन होईना अशी तक्रार करणाऱ्यांनी आधी एकच गोष्ट तपासावी: 2021 मध्ये नोंदणी कोणाच्या नंबरावरून झाली होती. गावाकडे ती अनेकदा आशाताईंच्या, किराणा दुकानदाराच्या नाहीतर पुण्यात नोकरीला असलेल्या भाच्याच्या फोनवरून झालेली असते, आणि ओटीपी अजून तिकडेच जातो.