चिकाटी, सायास, शिकस्त: शब्दांची मुळं शोधायला शिकागोचे कोश

शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशियाई डिजिटल ग्रंथालयात मराठीचे जुने कोश फुकट पाहता येतात. त्यात मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश (दुसरी आवृत्ती, १८५७), दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश (१९३२ ते १९५०) आणि जुन्या मराठीसाठी तुळपुळे-फेल्डहाउस (१९९९) आहेत.

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या लिहिणाऱ्यांनी सुरुवात दाते-कर्वेपासून करावी. अर्थ मराठीतच मिळतो, आणि नोंदीच्या शेवटी चौकटी कंसात मूळ भाषेची खूण असते: सं. म्हणजे संस्कृत, फा. म्हणजे फारसी, आणि ‘का.’ म्हणजे कानडी. सीमाभागात सगळ्यात उपयोगी खूण हीच.

कष्टांचे शब्द घेतले की या कोशांची किंमत कळते. ‘चिकाटी’ चीक, चिकट यांच्या कुळातली. धरलेलं काम सोडायचं नाही, हा अर्थ तिथूनच आला. ‘सायास’मध्ये संस्कृत आयास आहे, म्हणजे श्रम आणि थकवाही, म्हणून त्या शब्दात दमणूक जाणवते. ‘मेहनत’ अरबी, मुळात कसोटी, संकट. ‘शिकस्त’ फारसी, तिकडे अर्थ मोडणं, पराभव. पण मराठीत ‘प्रयत्नांची शिकस्त’ म्हणजे कोणतीही कसर न ठेवता केलेली धडपड. फारसी अर्थ वाचून हा प्रयोग चुकीचा ठरवणं योग्य नाही. शब्दाचं मूळ त्याचा प्रवास सांगतं, आजचा अर्थ वापर ठरवतो.

शोधताना बहुतेकांचं अडतं ते शुद्धलेखनावर. मोल्सवर्थमध्ये ‘करणें’, ‘नांव’ असे जुने अनुस्वार आहेत, तेव्हा आजच्या लेखनाने शब्द सापडला नाही तर अनुस्वार देऊन, मग ऱ्हस्व-दीर्घ बदलून पाहा. प्रत्यय लागलेलं रूप शोधू नका: ‘चिकाटीने’ नव्हे, ‘चिकाटी’. इंग्रजी अर्थावरून मराठी शब्द हवा असेल तर फक्त मुख्य शब्दांत नव्हे, संपूर्ण मजकुरात शोधा. मोल्सवर्थचे अर्थ मात्र एकोणिसाव्या शतकातले; आजच्या बातमीत जसेच्या तसे उचलू नयेत.

‘छल’ या एका कन्नड शब्दाला मात्र हे मराठी कोश पुरत नाहीत. कन्नड शाळेत ‘छल बिडबेड’ म्हणजे जिद्द सोडू नकोस. मराठीत ‘छळ’ म्हणजे जाच, आणि संस्कृत ‘छल’ म्हणजे कपट. कन्नडमधून मराठीत उतरवताना इथे हमखास घोटाळा होतो: ‘छलवादी’चं मराठी ‘छळवादी’ केलं की कौतुकाची शिवी होते. अशा वेळी किटेलचा कन्नड-इंग्रजी कोश (१८९४) शेजारी उघडा ठेवावा, आणि मराठीत ‘जिद्दी’ किंवा ‘चिकाटीचा’ लिहावं.