फील्डमास्टर वापरून उन्हाळा-पावसाळा काढला: सगळ्यात कामाला आलं ते दाभण

अवजारांची यादी डब्यावर छापलेली असते, ती परत लिहीत बसत नाही. व्हिक्टोरिनॉक्स या स्विस कंपनीचा ९१ मिलिमीटरचा, बरीच अवजारं मुडपून बसणारा लाल चाकू सगळ्यांनी बघितलेला आहे. त्यातलं कात्री आणि करवतवालं, पाठीला स्टार स्क्रूड्रायव्हर असलेलं मॉडेल म्हणजे फील्डमास्टर. तो खिशात घेऊन रोज बेळगावची उद्यमबाग औद्योगिक वसाहत ते खानापूर तालुक्यातलं गाव अशी मोटारसायकल मारतो. शेती, घर, कारखाना, तिन्हीकडे वापरून झाल्यावर लिहितोय.

घेण्याचं कारण हौस नाही. आधीचं मल्टिटूल मोडलं.

ते पक्कडवालं होतं. ऑनलाइन, हजाराच्या आत, 'एकवीस अवजारं', वर नायलॉनचं म्यान फुकट. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण तोच माल पाच नावांनी विकला जातो. मे महिन्यात नदीवरच्या मोटरीच्या पाइपाला बाइंडिंग तारेचा पीळ देत होतो. बाइंडिंग तार म्हणजे सेंट्रिंगवाले सळ्या बांधतात ती मऊ तार, पोरगंसुद्धा हातानं वाकवतं. पीळ जरा आवळला, तर पक्कडीचं एक तोंड 'टक्' करून पाण्यात. हातात उरला बुडखा.

तो बुडखा दुसऱ्या दिवशी शेजारच्या फाउंड्रीत, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यात, दाखवला. बेळगावात एक बरं आहे, लोखंड मोडलं की ते का मोडलं हे सांगणारा माणूस हाकेच्या अंतरावर असतो. त्यानं भिंग लावलं आणि हसला. "हे बघ की, ब्लो होल. साबुदाण्याएवढं. मोडलं हे नवल नव्हे गा, एवढे दिवस चाललं हे नवल." ओतताना वायू आत कोंडला, जागा पोकळ राहिली, वरून पॉलिश मारलं की दिसत नाही. "कास्टिंगला शिव्या घालू नको," हे त्यानं वर बजावलं, कारण त्याचं पोट त्यावर आहे. "ओतकाम वाईट नसतं, न तपासलेलं ओतकाम वाईट."

तिथंच आणखी एक शिकलो. डब्यावर 'स्टेनलेस स्टील' एवढंच लिहिलं असेल तर त्याला काही अर्थ नाही. ३०४ म्हणजे घरातल्या चांगल्या भांड्यांचं स्टेनलेस, त्याला गंज फार कमी, चुंबकही जवळजवळ लागत नाही. पण ते तापवून विझवून कडक करता येत नाही, म्हणून त्याच्या पात्याला धार टिकत नाही. चाकूला कार्बन जास्त असलेलं, पाणी देता येणारं, म्हणजे तापवून विझवून कडक होणारं, स्टेनलेस लागतं. त्याला चुंबक लागतो आणि ते गंजूही शकतं. म्हणजे चांगल्या चाकूला चुंबक चिकटला तर फसवलं म्हणून ओरडू नका. उलट 'कधीच गंजणार नाही' असं कोणी सांगितलं तर सावध व्हा.

आता वॉरंटी. डब्यावर एक वर्ष लिहिलेलं. फोन लावला तर हिंदी, इंग्रजी, कन्नड असे आकडे. मराठीला आकडा नाही. कन्नडात भांडलो, आम्हा बेळगाववाल्यांना तेवढं जमतं. पलीकडची बाई गोड होती पण एकच वाक्य: फिजिकल डॅमेज वॉरंटीत येत नाही. म्हटलं, अव्वा, पक्कडीला फिजिकल सोडून दुसरं कुठलं डॅमेज होतं? तिला ताप येतो काय? शेवटी पुढच्या खरेदीवर शंभर रुपयांची सूट देऊ म्हणाले. ती सूट अजून माझ्या मोबाइलमध्ये पडून आहे, कोणाला पाहिजे तर घ्या.

मग विचार केला तो असा. पक्कडवाला चांगला माल म्हणजे लेदरमन. आमच्या गल्लीत मराठा लाइट इन्फंट्रीतून निवृत्त झालेले सुभेदार काका आहेत, त्यांच्याकडे लेदरमनचं वेव्ह प्लस हे मॉडेल आहे. हातात घेतला की कळतं, सगळी पाती लॉक होतात, तार कापायचे जबडे झिजले तर बदलता येतात, २५ वर्षांची वॉरंटी. पण वजन २४१ ग्रॅम आणि किंमत पाच आकडी. पाच आकड्यांत मी पोराची सायकल घेतली असती. फील्डमास्टर शंभर ग्रॅमच्या आसपास, किंमत चार आकडी. राहिलेल्या पैशातून टपारियाची मूठ झाकलेली कॉम्बिनेशन पक्कड घेऊन डिकीत टाकली. चाकू खिशात, पक्कड डिकीत, असा हिशेब.

हंट्समन की फील्डमास्टर, हा प्रश्न सगळे विचारतात. फरक एवढाच, की हंट्समनच्या पाठीला बूच काढायचा स्क्रू, फील्डमास्टरच्या पाठीला स्टार स्क्रूड्रायव्हर. गोवा चोर्ला घाटाच्या पलीकडे असला तरी बूचवाली बाटली माझ्या आयुष्यात येत नाही. स्विच बोर्ड मात्र रोज येतो.

कात्री उत्तम. करवत लहान आहे म्हणून आधी हसलो होतो. जांबोटी रस्त्यावर जूनमध्ये झाडं आडवी होतात तेव्हा मनगटाएवढी फांदी तिनं कापली, आता हसत नाही. टिन ओपनर वर्षातून एकदा. पाठीवरचा आकडा सुतळीनं बांधलेली पार्सलं उचलायला दिलेला आहे. कुंद्याची दोन खोकी त्यावर अडकवून बसमध्ये उभा राहिलो, बोट कापलं नाही. बास, या सगळ्यांवर एवढंच.

मला लिहायचं आहे ते दाभणाबद्दल.

चाकूच्या पाठीत, आकड्याच्या शेजारी, एक टोकदार तिकोनी अवजार मुडपून बसलेलं असतं. बहुतेक लोक ते उघडतसुद्धा नाहीत. त्याला एका कडेला धार आहे, म्हणजे चामड्यात, फळीत, प्लास्टिकच्या पाइपात गोल फिरवलं की स्वच्छ भोक पडतं. आणि मधोमध एक नेढं आहे. या नेढ्यानं माझे पैसे फेडले.

पहिल्या पावसात सरपणावरची ताडपत्री वाऱ्यानं हातभर फाटली. नवीन ताडपत्री म्हणजे खर्च, आणि जुनी टाकवत नाही. फाटलेल्या कडा एकावर एक घेतल्या, नायलॉनचा दोरा नेढ्यात ओवला. दाभण टोचून पार न्यायचं, आणि मग पूर्ण बाहेर न काढता बोटभर मागे घ्यायचं. त्यानं पलीकडे दोऱ्याचा फास उभा राहतो. त्या फासातून दुसरं मोकळं टोक ओवायचं, दाभण बाहेर काढायचं, दोन्ही दोरे सारखे ताणायचे. गाठ कापडाच्या जाडीत बसली पाहिजे. वर किंवा खाली दिसली तर एक दोरा ढिला राहिलाय. पुढचं भोक, परत तेच. शिलाई मशीनचा टाका याच तत्त्वावर पडतो. आई उंबऱ्यावर बसून बघत होती. तिनं एवढंच विचारलं, "हेच आधी घेतलं असतं तर ती पक्कड कशाला आणली?"

त्यानंतर दप्तराचा पट्टा, खताच्या पोत्याची पिशवी, मोटारसायकलची सीट, हेल्मेटची दोरी. निपाणीला चप्पल शिवणाऱ्या मामांना दाखवलं. कोल्हापुरी चपलेच्या जीआय (भौगोलिक मानांकन) नोंदीत २०१९ पासून आपला बेळगाव जिल्हाही आहे, त्यामुळे या लोकांचं मत मी वजनदार धरतो. त्यांनी चामड्याच्या तुकड्यात दोन टाके घातले, आणि म्हणाले, "माझ्या आरीला आकडी आहे, ती दोरा ओढून आणते, म्हणून मी झपाझप जातो. तुझं हे सावकाश. पण वाटेत अंगठा तुटला तर मी तिथं नसणार, हे असणार."

दोष एकच, आणि तो लक्षात ठेवा: हे दाभण लॉक होत नाही. सरळ दाबलं तर ठीक, तिरकं दाबलं तर मिटून बोटावर येईल. मोठ्या पात्याचंही तेच, नुसत्या स्प्रिंगवर उभं असतं. टोकानं भोसकायचं काम या चाकूनं करू नये. जाड चामड्याला आधी दाभण गोल फिरवत भोक पाडायचं, मग दोरा.

श्रावणात वाढवलेलं: वर 'चाकू खिशात, पक्कड डिकीत' असं मोठ्या तोऱ्यात लिहिलंय, त्यात आता दुरुस्ती आहे. शेजाऱ्यांची म्हैस बांधाच्या काटेरी तारेत अडकली. आम्ही चिखलातून खाली गेलेलो, मोटारसायकल वर डांबरी रस्त्यावर. म्हैस हिसके देतेय, तार पायात रुततेय, आणि माझी टपारिया डिकीत आरामात. सुभेदार काकांनी कमरेचा वेव्ह काढला, एका हातानं म्हशीचा पाय दाबला आणि दुसऱ्या हातानं तार दोन ठिकाणी तोडली. त्यांचं 'कमरेला नसलेलं अवजार घरीच असतं' हे वाक्य मी इतके दिवस फौजी बडबड समजत होतो.

टिम लेदरमन यांची गोष्टही हीच आहे. १९७५ साली जुनी फियाट घेऊन बायकोबरोबर युरोपात फिरत होते, गाडी सारखी बंद पडायची. खिशात चाकू होता, पक्कड नव्हती. तिथून डोक्यात बसलं, आणि १९८३ ला कंपनी निघाली. म्हणून ज्यांचं रोजचं काम तारेशी, कुंपणाशी, मोटरीशी आहे त्यांनी माझं ऐकू नये, पैसे साठवून पक्कडवालंच घ्यावं. फक्त एकवीस अवजारांचं नको. माझ्यापुरतं मी असं केलं, की टपारिया डिकीतून काढून शेतात जाताना पिशवीत घेतो. पाच आकडी खर्चायला हात अजून होत नाही.

एक गोष्ट मात्र दोन्ही मल्टिटूलांना लागू. पावसात तारा तुटून पडतात तेव्हा लोक शौर्य दाखवतात. वेव्हची मूठ धातूची आहे. फील्डमास्टरला वरून लाल प्लास्टिक असलं तरी आत आणि मध्ये सगळा धातूच. विजेच्या तारेजवळ यातलं काहीही न्यायचं नाही. टपारियाची मूठ झाकलेली असली तरी मेन स्विच बंद केल्याशिवाय तीही नाही.

'इमर्जन्सी'साठी घेणाऱ्यांना आणखी थोडं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पुरामुळं निपाणीजवळ हायवे बंद पडला, कोल्हापूरशी संपर्क तुटला, ते दिवस आठवा. तेव्हा लोकांना लागलं ते टॉर्च, दोर, चार्ज असलेला मोबाइल, कोरडं आंथरूण. चाकू लागला तो दोर कापायला आणि ताडपत्री बांधायला. म्हणून टॉर्च वेगळा घ्या. ज्या मल्टिटूलमध्येच टॉर्च, शिट्टी आणि होकायंत्र आहे ते माझ्या त्या बुडख्याच्या खानदानातलं समजा.

फणसाचा चीक. पश्चिमेकडच्या गावांत राहणाऱ्यांना हा खरा शत्रू आहे, पाऊस नाही. पात्यावरचा चीक तेलानं निघतो, पण बिजागरीत गेला की पातं अर्ध्यावर अडतं. फणस कापायच्या आधी पात्याला तेल लावायचं, हे आईला आधीच माहीत होतं. नंतर कोमट पाण्यात साबण घालून चाकू आतच दहा-वीस वेळा उघडझाप करायचा, पुसून उघडा वाळवायचा, आणि सांध्यात शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब. खोबरेल नको, मार्गशीर्षात आपल्याकडे बाटलीत गोठतं ते सांध्यातही गोठणार. इतक्या पावसात माझ्या पात्यावर गंज नाही, फक्त टिन ओपनरच्या खाचेत तांबूस ठिपका आला होता, तो घासून गेला.

धार लावायला सायकलच्या चाकावर दगड फिरवणाऱ्याकडे देऊ नका. ठिणग्या बघायला छान, पण पातं निळं पडलं की त्याचं पाणी उतरलं. बारीक दगड घ्या, घरी बसून हळूहळू.

सुगीत भाताच्या पोत्यांची तोंडं शिवायला लोखंडी दाभणं घरात आहेत, तरी भाचा माझा चाकूच मागून नेतो. देताना चिमटा आणि दातकोरणी मोजून देतो, परत मोजून घेतो.

ज्यांना घ्यायचाय त्यांनी दोन गोष्टी बघा. मोठ्या पात्याच्या बुडाशी कंपनीचं नाव आणि 'स्विस मेड' कोरलेलं हवं. लाल रंगाच्या नकला भरपूर फिरतात. आणि पाठ उघडून दाभणाला नेढं आहे ना ते पाहा. किल्लीला लावायच्या ५८ मिलिमीटरच्या छोट्या क्लासिकमध्ये दाभणच नसतं, स्वस्त पडतो म्हणून तो घेऊ नका. सांबऱ्याहून, म्हणजे बेळगावच्या विमानतळावरून, विमानानं जाणार असाल तर चाकू चेक-इन बॅगेत टाका. हातातल्या बॅगेत सापडला की सिक्युरिटीच्या टेबलावरच राहतो.