डान्स बसवून देणारे मास्तर: बेळगाव-निपाणी पट्ट्यातली सेवा कशी आहे?

डिसेंबर-जानेवारी आला की बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या शाळांत गॅदरिंगची घाई सुरू होते आणि नाच बसवायला बाहेरून मास्तर बोलावले जातात. कोळीगीत आणि लावणी यातले बरेच जण उत्तम बसवतात. सिनेमाचं गाणं आलं की मात्र घसरतात, कारण मोबाइलवर बघून जसंच्या तसं उतरवतात. ते गाणं कॅमेऱ्यासाठी बसवलेलं असतं. तिथे दर काही सेकंदांनी शॉट बदलतो, भुवई उडवली तरी पडदाभर दिसते. मांडवात शेवटच्या खुर्चीवर बसलेल्या आजीला यातलं काही दिसत नाही.

ही दोन कामं वेगळी आहेत, याचा फटका मोठमोठ्यांनाही बसलाय. जेरोम रॉबिन्स या अमेरिकी नृत्यदिग्दर्शकाने ब्रॉडवेवर, म्हणजे न्यूयॉर्कच्या रंगभूमीवर, १९५७ मध्ये 'वेस्ट साइड स्टोरी' हे संगीत नाटक बसवलं. त्याच नाटकाचा सिनेमा करताना त्याच्या तालमी आणि रीटेक इतके वाढले की निर्मात्यांनी त्याला मध्येच काढलं. १९६१ च्या त्या सिनेमासाठी रॉबर्ट वाइजबरोबर दिग्दर्शनाचं ऑस्कर त्यालाही मिळालं, तो भाग निराळा.

चांगला मास्तर स्टेप दाखवण्याआधी स्टेजचं माप विचारतो. वीस बाय सोळाच्या स्टेजवर दोन्ही विंगा सोडल्या तर रुंदीत सोळा फूट उरतात. हात पसरायला एका मुलाला चार फूट लागतात, म्हणजे एका ओळीत चारच. चोवीस मुलं एकदम चढवली तर मागच्या ओळी झाकल्या जातात आणि पालकांचं भांडण मुख्याध्यापकांपर्यंत जातं. बारा आत, बारा विंगेत, अंतऱ्याला अदलाबदल, आणि मागचा प्रत्येक जण पुढच्या दोघांच्या फटीत, असं बसवणाऱ्याला जरूर बोलवा.

गाणं तीन मिनिटांपर्यंत कापून घ्यावं. मिनिटाला १२० ठोके असतील तर आठाचा एक काउंट चार सेकंदांचा, म्हणजे एकूण पंचेचाळीस काउंट. लहान मुलांच्या अंगात एका तालमीत चार-पाचच नीट बसतात. त्यामुळे 'चार तालमींत बसवतो' म्हणणारा मुखड्याच्याच स्टेप सगळीकडे फिरवणार, हे धरून चाला. गाण्याचा कटही समेवरच हवा. अर्ध्या काउंटवर कापलं तर सगळी ओळ पुढे-मागे होते.

लावणीत दोन गोष्टी हमखास राहतात. जाजमावर घुंगरांचा आवाज मरतो, म्हणून तेवढा वेळ जाजम गुंडाळून फळी उघडी ठेवायला हवी. दुसरं म्हणजे सलवारीत तालीम करून ऐनवेळी नऊवारी नेसवली की पाऊल आखूड पडतं आणि गिरकी फसते. ड्रेपरीवाल्याकडून नऊवारी दोन दिवस आधी आणा.

कानडी गाणी आपल्याकडे प्रत्येक कार्यक्रमात असतातच. शब्द कळत नसताना हातवारे बसवणारे मास्तर आहेत आणि समोर बसलेल्या अर्ध्या लोकांना ते लगेच कळतं. मास्तरांना कानडीच्या बाईंकडे आधी ओळीओळीचा अर्थ विचारून घ्यायला लावा.

पैसे अर्धे आधी, अर्धे प्रत्यक्ष स्टेजवरच्या तालमीनंतर. गाणं दोन पेनड्राइव्हवर घ्या, फाइलला कार्यक्रमपत्रिकेतलाच नंबर द्या आणि नाचाच्या वेळी मास्तर साउंडवाल्याशेजारी उभे राहतील, हे ठरवतानाच बोलून ठेवा.