पंधराव्या मिनिटाला झोपणारा मल्टीमीटर

12 व्होल्टची लेड-ॲसिड बॅटरी किती टिकते हे पाहायला लोडवर (वीज खाणाऱ्या उपकरणावर) लावली, टोकांना क्रोकोडाइल क्लिपने मल्टीमीटर जोडला. व्होल्टेज 10.5 वर आलं की लोड काढायचा. काम काही तासांचं, आणि बहुतेक हँडहेल्ड मीटर पंधरा ते तीस मिनिटांत डिस्प्ले बंद करून मोकळे होतात. कारण साधं आहे: ऑटो पॉवर ऑफचा, म्हणजे मीटर आपोआप बंद करणारा टायमर सहसा फक्त बटणं आणि डायल पाहतो. आकडा 12.6 वरून 11.9 वर घसरत असला तरी मीटरच्या लेखी समोर कोणीच नाही.

काही मीटर बंद होण्याआधी बीप देतात, ते त्यातल्या त्यात बरे. पण जागा झाल्यावर मीटर पूर्वीच्या जागी येत नाही, हा खरा त्रास. रिलेटिव्हचं शून्य (ज्या आकड्यापासून फरक मोजायचा तो) जातं, हाताने निवडलेली मॅन्युअल रेंज जाते. डायलच्या एकाच खुणेवर ओहम (रोध), डायोड आणि कन्टिन्युइटी (वायर अखंड असेल तर बझर वाजतो ती चाचणी) असेल तर सिलेक्ट दाबून निवडलेली कन्टिन्युइटी जाऊन पुन्हा ओहम येतो. मग प्रोब टेकवले तरी बझर वाजत नाही, आणि डिस्प्लेकडे न पाहता काम करणारा चांगली वायर तुटलेली समजतो.

ज्या मीटरला जागं करायला डायल ऑफवर नेऊन परत फिरवावा लागतो, तिथे जास्त जपायला हवं. प्रोब मेन्सवर (घरातल्या चालू विजेवर) असतील तर डायल वाटेत ओहमच्या खुणेवरूनही जाऊ शकतो. आधी प्रोब काढा, मगच डायल फिरवा. आणि कोरा डिस्प्ले म्हणजे शून्य व्होल्ट नव्हे.

ही सोय नकोच, असं मात्र नाही. साधा मीटर एक-दोन मिलिअँपिअर घेतो आणि 9 व्होल्टच्या अल्कलाइन बॅटरीत सुमारे 500 मिलिअँपिअर-तास असतात. रात्रभर चालू राहिला तर पंधरा-वीस गेले, फारसं बिघडत नाही. दोन-तीन आठवडे विसरला तर बॅटरी संपलीच. म्हणजे दोन तासांनी बंद झाला तरी पुरे होतं. पंधरा मिनिटं हा हिशेब बॅटरीच्या बाजूनेही पटत नाही.

बऱ्याच मॉडेलमध्ये सिलेक्ट किंवा रंगीत बटण दाबून धरून डायल ऑफवरून फिरवला की टायमर रद्द होतो. फ्लूक 87 व्ही हा मीटर एरवी तीस मिनिटांनी बंद होतो, त्यात हे काम पिवळं बटण करतं. शिवाय मिन-मॅक्स रेकॉर्डिंग (सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त आकडा नोंदवणं) चालू असताना तो आपोआप बंद होत नाही. असंच सगळ्यांत हवं. पण बटणाची ही निवड सहसा मीटर ऑफ करेपर्यंतच टिकते, दर वेळी नव्याने करावी लागते. ती कायम लक्षात ठेवणारा मीटर मिळाला तर माझं मत त्यालाच. घेण्याआधी मॅन्युअलमध्ये हे पाहाच, आणि टायमर चालू असल्याची खूण डिस्प्लेवर दिसते का तेही. ती नसेल तर टायमर खरंच रद्द झाला का, हे पंधरा मिनिटांनीच कळतं.

झोपलेला मीटर पूर्ण बंद नसतो. बटण दाबल्यावर जागा होणारा तर थोडा करंट घेतच राहतो. काम झालं की डायल ऑफवर न्या, आणि महिनोन्‌महिने वापर नसेल तर सेल काढून ठेवा. गळलेला अल्कलाइन सेल स्प्रिंग आणि संपर्कपट्ट्या खातो.