हळदीचं गाणं आमचं, क्लेम भलत्याचा

लग्नसराई तोंडावर आली की आमच्या रायगड-ठाणे पट्ट्यात घरोघरी गाणी तयार व्हायला लागतात. लॅपटॉप, एक बरा माईक, ओळखीचा ढोलकीवाला, बेंजोवाला, एवढ्यावर गाणं उभं राहतं आणि यूट्यूबवर जातं. अशी गाणी स्वतःच्या खिशातून काढणाऱ्या सगळ्यांसाठी हे लिहितोय. ज्या पद्धतीने एका म्युझिक लेबलच्या माणसाने आमचं गाणं लाटलं, तीच पद्धत त्याने आमच्या ओळखीतल्या आणखी कलाकारांवर वापरली आहे.

गाण्याची चाल आणि संगीत माझं, शब्द आणि आवाज वहिनीचा. तिची आजी धवलारीण होती, म्हणजे लग्नात धवले, आमची आगरी लग्नगीतं, गाणारी. त्यामुळे धवल्याचा बाज वहिनीच्या गळ्यातच आहे. पण पारंपरिक धवला कुणा एकाच्या मालकीचा नसतो, म्हणून शब्द आणि चाल दोन्ही आम्ही मुद्दाम नवीन बांधले. गाणं आमच्या चॅनेलवर चढवलं, आजूबाजूच्या हळदींमध्ये वाजायला लागलं आणि महिन्याभरात त्या लेबलवाल्याचा फोन आला. नाव इथे देत नाही, तक्रार चालू आहे.

बोलणं अगदी गोड. "दादा, गाणं जबरदस्त आहे, पण तुम्ही ते नुसतं यूट्यूबवर ठेवून वाया घालवताय. स्पॉटिफाय, जिओसावन, कॉलरट्यून, सगळीकडे आम्ही टाकतो. सत्तर टक्के तुमचे, तीस आमचे." मग त्याने एक खरी गोष्ट सांगितली, आणि तिच्यावरच पुढचा सगळा डाव रचला. 2024 पासून स्पॉटिफायवर एखादं गाणं मागच्या बारा महिन्यांत किमान 1000 वेळा ऐकलं गेलं नसेल, तर त्या रेकॉर्डिंगचे पैसे मिळत नाहीत. नियम खरा आहे. "म्हणूनच प्रमोशनचं पॅकेज घ्यावं लागतं," तो म्हणाला. बारा हजार रुपये, आणि ऑफिशियल प्लेलिस्टमध्ये जागा नक्की.

स्पॉटिफायच्या स्वतःच्या प्लेलिस्टमध्ये पैसे देऊन जागा मिळत नाही. आपलं गाणं आपल्याच आर्टिस्ट खात्यातून, रिलीजच्या आधी, फुकट सुचवता येतं. पैसे घेऊन ठरावीक आकडा देणारे बहुतेक लोक बॉट, म्हणजे गाणं आपोआप वाजवत राहणारे प्रोग्राम, लावतात. आमच्या बाबतीत तेच झालं. गाणं आल्यावर पंधरवड्यात आकडा भराभर वर गेला. तो स्क्रीनशॉट पाठवून अभिनंदन करत होता. पुढे आर्टिस्ट खात्यात ऐकणाऱ्यांची शहरं पाहिली, तर वरच्या यादीत मुंबई नाही, ठाणे नाही, पनवेल नाही. सगळी युरोपातली शहरं. आगरी हळदीचं गाणं तिथे रात्रंदिवस कोण ऐकणार? काही आठवड्यांनी स्पॉटिफायने ही ऐकणी खोटी ठरवून आकड्यातून वजा केली आणि डिस्ट्रिब्युटरने, म्हणजे गाणं सगळ्या अ‍ॅपवर पोचवणाऱ्या कंपनीने, गाणंच काढून टाकलं. आपली बाजू मांडायला आमच्याकडे मार्गच नव्हता, कारण डिस्ट्रिब्युटरकडचं खातं त्या माणसाच्या नावावर होतं.

बारा हजार गेले ते गेले. त्याहून मोठा घाव कंटेंट आयडीचा होता.

यूट्यूबकडे कंटेंट आयडी नावाची व्यवस्था आहे. गाण्याचा ठसा त्यात एकदा नोंदवला, की जगात कुणीही ते गाणं वापरून व्हिडिओ टाकला तरी यंत्रणा तो आपोआप पकडते, त्यावर हक्क सांगते (हाच क्लेम) आणि त्या व्हिडिओच्या जाहिरातीचे पैसे नोंद करणाऱ्याकडे वळवू शकते. गाणं मुळात कुणी केलं, हे ती विचारत नाही. ज्याने नोंद केली तो मालक, असं धरून ती चालते. छोट्या कलाकारांना ही नोंद थेट करता येत नाही, ती डिस्ट्रिब्युटरमार्फत होते. या माणसाने आम्हाला न सांगता आमचं गाणं आपल्या नावावर तिथे चढवलं.

हे आम्हाला कळलं ते लग्नाच्या शूटिंगवाल्यांकडून. आम्हीच त्यांना सांगितलं होतं, हळदीच्या व्हिडिओला गाणं खुशाल लावा. एका संध्याकाळी उरणचा एक जण फोनवर तडकलाच. "भाऊ, तूच वापर म्हणालास आणि आता तूच क्लेम मारतोस?" त्याने स्क्रीनशॉट पाठवला, क्लेम करणाऱ्याच्या जागी त्या लेबलचं नाव. मग एकामागून एक फोन. जी माणसं आमचं गाणं गावोगाव पोचवत होती, तीच आमच्यावर उखडली. शेवटी क्लेम आमच्या स्वतःच्या चॅनेलवरच्या मूळ व्हिडिओवरही आला आणि ऐन सीझनमध्ये त्याची कमाई त्या माणसाकडे जायला लागली.

क्लेम आला तर एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. पाच दिवसांच्या आत डिस्प्यूट, म्हणजे क्लेमवर हरकत, टाकलात, तर पहिल्या दिवसापासूनचे पैसे यूट्यूब बाजूला धरून ठेवतं. उशीर झाला तर डिस्प्यूट टाकल्या दिवसापासूनचेच. समोरच्याला उत्तरासाठी तीस दिवस असतात. त्याने क्लेम कायम ठेवला तर अपील करा. तिथे त्याला सात दिवसांत एकतर क्लेम सोडावा लागतो, नाहीतर रीतसर टेकडाउनची, म्हणजे व्हिडिओ काढून टाकण्याची, कायदेशीर विनंती करावी लागते. खोटा माणूस सहसा या टप्प्यावर ढिला पडतो. अपिलात तुमचं गाणं अडलं तर मात्र चॅनेलवर स्ट्राइक, म्हणजे कॉपीराइट भंगाचा ठपका, येऊ शकते, म्हणून पुरावा हातात ठेवूनच अपिलात उतरा. आमच्याकडे प्रोजेक्टची मूळ फाइल होती, ढोलकी-बेंजोचे वेगवेगळे ट्रॅक तारखांसकट होते, आणि वहिनीच्या वहीचं पान होतं, खाडाखोडीसकट.

आता हिशोबाचं. डिजिटल रॉयल्टीचा हिशोब दोन-तीन महिने मागे चालतो. हे खरं असल्यामुळे तो "रिपोर्ट अजून आला नाही" असं बिनधास्त सांगत राहिला. शेवटी एक एक्सेल आली. त्यात एकच ओळ: डिजिटल उत्पन्न, 412 रुपये. खऱ्या रिपोर्टमध्ये प्रत्येक गाण्यापुढे त्याचा आयएसआरसी, म्हणजे त्या रेकॉर्डिंगचा ओळख क्रमांक, असतो, महिना, प्लॅटफॉर्म, देश, किती वेळा वाजलं आणि किती पैसे, असे रकाने असतात. डिस्ट्रिब्युटरकडून डाउनलोड केलेली मूळ फाइलच मागा. हाताने टाइप केलेला आकडा हा हिशोब नव्हे.

ते पाहता पाहता वहिनीने गाण्याचं क्रेडिट उघडलं. "भावजी, यात माझं नाव कुठंय?" संगीतकार म्हणून लेबलचं नाव होतं, गीतकाराची जागा रिकामी. मला सगळ्यात जास्त चीड आली ती या रिकाम्या जागेची. गाण्याचे हक्क दोन थरांत असतात: रेकॉर्डिंगचा हक्क वेगळा, शब्द आणि चालीचा वेगळा. दुसऱ्या थराची रॉयल्टी आयपीआरएस ही संस्था गोळा करते. गीतकार आणि संगीतकार तिचे सभासद होऊ शकतात, पण गाणं तिथे योग्य नावांनी नोंदवलेलं असायला हवं. नाव चुकलं की पैसे दुसऱ्याच्या वाटेला जातात किंवा पडून राहतात.

त्याला जाब विचारला तर त्याने करार पुढे केला. सही आमची, पण सही फक्त शेवटच्या पानावर घेतलेली. आधीची पानं बदललेली होती. जिथे तीन वर्षांचं वितरण लिहिलं होतं, तिथे आता सर्व हक्क कायमचे त्यांचे. सहीआधी त्याने व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला पीडीएफ माझ्याकडे होता, म्हणून हे सिद्ध करता आलं. प्रत्येक पानावर सही करा, आणि समोरच्याचीही घ्या.

वकिलांनी आणखी एक सांगितलं, ते कुणी आपल्याला सांगत नाही. 2012 च्या कॉपीराइट दुरुस्तीनंतर गीतकार आणि संगीतकार आपल्या रॉयल्टीचा समान वाटा वारस किंवा कॉपीराइट संस्था सोडून कुणालाही देऊन टाकू शकत नाहीत, आणि तशी तजवीज करणारा करार तेवढ्यापुरता बाद ठरतो. हक्क देण्याचा करार लेखी आणि सहीचाच लागतो. मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. म्हणजे ती बदललेली पानं खरी धरली असती, तरी वहिनीचा रॉयल्टीचा वाटा शाबूत होता.

आम्ही त्याच्यामागे न धावता त्याच्या वरच्या डिस्ट्रिब्युटरच्या कायदेशीर विभागाला मेल केला: जुना पीडीएफ, नवा पीडीएफ आणि मूळ फाइल. कंटेंट आयडीवरची नोंद तिथून उठली. शूटिंगवाल्यांचे क्लेम सुटले, मी प्रत्येकाला फोन करून सांगितलं. पॅकेजच्या पैशांसाठी 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार दिली आहे. सीझनमध्ये त्याच्या खात्यात गेलेले पैसे अजून आलेले नाहीत. गाणं आता आमच्या स्वतःच्या खात्यातून पुन्हा सगळीकडे आहे, गीतकाराच्या जागी वहिनीच्या नावाने.

फक्त शेवटच्या पानावर सही घेऊन कुणी तुमचं गाणं नेलं असेल, तर आज गाण्याचं क्रेडिट उघडून पाहा आणि सहीआधी आलेला पीडीएफ चॅटमधून काढून दुसरीकडे जपून ठेवा.