ग्लॉक ३४ एमओएस : हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत मॅचमध्ये वापरल्यावर

निकाल आधीच सांगून टाकतो: ही ग्लॉक मी विकणार नाही. पण दुकानाच्या काउंटरवर ज्या ट्रिगरवरून सगळ्यांची घासाघीस चालते, तो ट्रिगर मॅचमध्ये तिसऱ्या-चौथ्या नंबरावर जातो. पहिला नंबर मुठीच्या कोनाचा, विशेषतः पिस्तुलावर रेड डॉट (काचेच्या खिडकीत नेमाचा ठिपका दाखवणारी साइट) लावून खेळणार असाल तर.

मी डॅलसच्या उत्तरेला राहतो आणि जमेल त्या रविवारी यूएसपीएसए या अमेरिकन नेमबाजी संघटनेच्या क्लब मॅचला जातो, कॅरी ऑप्टिक्स म्हणजे डॉट लावलेल्या पिस्तुलांच्या डिव्हिजनमध्ये. कोल्हापूरच्या मामाला फोनवर हे सांगितलं तेव्हा त्याचा पहिला प्रश्न, "म्हणजे आपल्या राहीसारखं का रे?" नाही मामा. राही सरनोबतने २०१८ च्या जकार्ता-पालेमबांग एशियाडमध्ये सोनं घेतलं ते २५ मीटर पिस्तूलमध्ये. .२२ चं पिस्तूल, एक हात, जागेवर उभं राहून. आमच्याकडे ९ मि.मी.चं पिस्तूल दोन्ही हातांत धरून, आडोशामागून आणि खिडक्यांतून, धावत पुठ्ठ्याची टार्गेट मारायची. बीप वाजला की घड्याळ सुरू. मिळालेले गुण भागिले लागलेले सेकंद, हा झाला हिट फॅक्टर. मधल्या ए झोनला ५ गुण, सी ला ३, डी ला १. टार्गेटच चुकलं तर उणे १०.

या डिव्हिजनमध्ये सीझेडच्या शॅडो २ चं फार प्रस्थ आहे. स्टीलची, सव्वा किलोच्या वर वजन, गोळी सुटल्यावर जागची हलत नाही. पण तिला हॅमर (मागे बाहेर दिसणारी हातोडी) आहे आणि पहिली गोळी डबल अ‍ॅक्शनमध्ये, म्हणजे ट्रिगर लांब आणि जड. दुसऱ्या गोळीपासून तोच ट्रिगर आखूड आणि हलका. मुरलेल्या लोकांना याचं काही वाटत नाही. मला मात्र पहिल्यापासून शेवटच्या गोळीपर्यंत एकच ट्रिगर हवा होता, म्हणून स्ट्रायकर-फायर्ड. यात बाहेर हॅमर नसतो. स्लाइडच्या, म्हणजे पिस्तुलाच्या वरच्या सरकत्या भागाच्या, पोटात स्प्रिंगवर ताणलेला स्ट्रायकर पुढे सुटतो आणि काडतुसाच्या बुडावर आदळतो. शिवाय वजन कमी, किंमत कमी आणि सुटे भाग गल्लोगल्ली.

शेवटी तीन नावं उरली: ग्लॉक ३४, पाच इंची वॉल्थर पीडीपी आणि सीझेड पी-१० एफ. काउंटरवर ट्रिगर दाबून ठरवायचं असतं तर ग्लॉक पहिल्याच मिनिटाला बाद झाली असती. त्याचं कारण रचनेत आहे. वॉल्थरमध्ये स्लाइड मागे-पुढे झाली की स्ट्रायकर पूर्ण ताणून बसतो. ट्रिगरचं काम उरतं फक्त त्याला सोडायचं. त्यामुळे बोटाला एक स्पष्ट भिंत लागते आणि मग टचकन सुटतं. ग्लॉकमध्ये स्ट्रायकर अर्धवटच ताणलेला असतो, उरलेला ताण तुमच्या बोटाने द्यायचा. म्हणून तो ट्रिगर थोडा चिवट, सरकत सरकत सुटणारा. ज्याला त्याला काउंटरवर वॉल्थर आवडते, आणि त्यात गैर काही नाही.

ग्लॉक घेतली ती दोन कारणांनी. क्लबात निम्म्या लोकांकडे ग्लॉक, त्यामुळे मॅचच्या दिवशी काही मोडलं तरी कुणाच्या तरी बॅगेत तो भाग असतोच. आणि ३४ हे मॉडेल मुळात मॅचसाठीच काढलेलं आहे. ग्लॉकचीच १९८८ ची १७ एल सहा इंची बॅरलमुळे फार लांब होती. १९९८ मध्ये आलेल्या ३४ ची बॅरल १३५ मि.मी. आणि एकूण लांबी २२२ मि.मी. आयडीपीए या दुसऱ्या संघटनेच्या मॅचमध्ये पिस्तूल पावणेनऊ इंच लांबीच्या पेटीत बसावं लागतं. २२२ मि.मी. म्हणजे ८.७४ इंच. बसतं, केसभर जागा राखून!

आता मुठीचा कोन. ग्लॉकची मूठ इतर बहुतेक पिस्तुलांपेक्षा जास्त मागे झुकलेली आहे. दुसऱ्या पिस्तुलाची सवय झालेल्या माणसाने होल्स्टरमधून काढून सहज समोर धरली की नळीचं तोंड किंचित वर राहतं. लोखंडी साइट असतील तर ही चूक वाटेतच दिसते. पुढची साइट वर तरंगताना दिसते आणि मनगट आपोआप खाली जातं. डॉटमध्ये तसं नाही. डॉट खिडकीत असतो किंवा नसतो. नसला की नुसती रिकामी काच, आणि वर शोधायचा की खाली हेही कळत नाही. सुरुवातीच्या मॅचेसमध्ये माझा सगळा वेळ या शोधाशोधीत जायचा. बीपनंतर हात वर येईपर्यंत सगळं बरोबर, मग काचेत फक्त मागचा मातीचा बंधारा.

उपाय घरात झाला. पिस्तूल रिकामं, चेंबर डोळ्यांनी आणि बोटाने तपासलेलं, गोळ्या दुसऱ्या खोलीत. भिंतीवर एक स्टिकर. स्टिकरकडे बघायचं, डोळे मिटायचे, पिस्तूल काढून समोर धरायचं, डोळे उघडायचे. डॉट स्टिकरवर नसेल तर पिस्तूल हलवायचं नाही. डाव्या हाताचं मनगट पुढे लोटून तो खाली आणायचा आणि पुन्हा पहिल्यापासून. रोज पाच-दहा मिनिटं. कुठल्याशा आठवड्यात ते अंगवळणी पडलं आणि आता डोळे उघडले की ठिपका उगवलेलाच असतो. एवढं झाल्यावर मित्राची पीडीपी हातात घेतली, तर त्या पिस्तुलात माझा डॉट खाली जातो. म्हणून सांगतो, दुकानात ट्रिगरआधी हीच डोळे मिटून धरायची परीक्षा करा, अर्थात दुकानदाराला विचारून आणि तो दाखवेल त्या सुरक्षित दिशेला. ज्या पिस्तुलात डॉट आपोआप सापडतो त्यात तुमचे कित्येक आठवडे वाचतील.

ट्रिगरचा फरक पडतच नाही असं मी म्हणणार नाही. २५ यार्डांवर अर्धं झाकलेलं टार्गेट असेल तिथे वॉल्थरवर माझ्या गोळ्या जास्त जवळ-जवळ पडतात, हे मी मित्राच्या पिस्तुलावर पाहिलंय. पण क्लब मॅचमध्ये बहुतेक टार्गेट सात ते पंधरा यार्डांवर असतात आणि तिथे गुण जातात ते घाईने. कॅरी ऑप्टिक्समध्ये सगळ्यांनाच मायनर गुण मिळतात, म्हणजे ए ऐवजी सी लागला की सरळ दोन गुण गेले. माझे बहुतेक सी ट्रिगरमुळे नाहीत, डॉट स्थिर व्हायच्या आत दाबल्यामुळे आहेत.

म्हणून ट्रिगर कंपनीचाच ठेवलाय. आमच्या स्क्वाडमधल्या (मॅचमध्ये एकत्र फिरणाऱ्या गटातल्या) एकाने तो हलका करायला स्ट्रायकरची स्प्रिंग नरम बसवली. काउंटरवर दाबून पाहिलं तर लोणी. मॅचमध्ये कडक प्रायमरच्या (काडतुसाच्या बुडातल्या, घावाने पेटणाऱ्या टोपीच्या) गोळ्यांवर स्ट्रायकरचा घाव अपुरा पडू लागला. नुसता 'टक' आवाज, मग मॅगझिनच्या बुडावर थाप, स्लाइड मागे, पुन्हा सुरू. तेवढ्यात दोन-तीन सेकंद गेले.

खरा मनस्ताप झाला तो डॉटच्या प्लेटचा. एमओएस मॉडेलच्या स्लाइडवर डॉट बसवायला खाच असते आणि मध्ये अ‍ॅडॅप्टर प्लेट लागते. मी एका दुसऱ्या कंपनीची प्लेट घेतली होती. एका मॅचमध्ये चौथ्या स्टेजला (फेरीला) लांबच्या स्टीलच्या टार्गेटवर गोळ्या उजवीकडून जायला लागल्या. मला वाटलं हात थकला. घरी येऊन पाहतो तर प्लेटच्या स्क्रूवर ओढलेली पांढऱ्या मार्करची रेघ तुटली होती. स्क्रूवरचा तुकडा एकीकडे, प्लेटवरचा दुसरीकडे. आता प्लेट बदलली आहे, निळं लॉकटाइट (स्क्रू ढिला होऊ न देणारा गोंद), मोजून आवळायचा टॉर्क रेंच, आणि प्रत्येक मॅचच्या आदल्या रात्री त्या रेघेवर एक नजर. स्क्रूवर रेघ ओढायला पाच सेकंद लागतात, ती ओढाच.

जुलैतल्या टेक्ससबद्दल काय बोलावं. शंभर फॅरनहाइटच्या वर पारा गेला की मूठ घामाने साबणासारखी होते. कंपनीचा पोत त्या उन्हात मला कमी पडतो, म्हणून वर सँडपेपरसारखी ग्रिप टेप लावली आणि हाताला लिक्विड चॉक. वॉल्थरचा पोत या बाबतीत उजवा.

साफसफाई सोपी, पण ग्लॉक उघडण्यासाठी ट्रिगर दाबावाच लागतो. मॅगझिन काढा, स्लाइड मागे ओढा, चेंबर दोनदा पाहा, मगच दाबा. काही हजार गोळ्या झाल्यात. रिकॉइल स्प्रिंग लवकरच बदलेन, पाचेक हजारांना बदलायची इथे रीत आहे. ९ मि.मी.ची साधी गोळी पाव डॉलरच्या आसपास पडते, तेव्हा स्प्रिंगचा खर्च हिशोबात धरायलाही नको.

मंडळाच्या गणपतीत प्रत्येक वेळी विचारलं जातं, म्हणून कायद्याचंही सांगतो. एच-१बीसारख्या नॉन-इमिग्रंट व्हिसावर असाल तर फेडरल कायद्याने बंदूक विकत घ्यायलाही मनाई आणि बाळगायलाही. वैध हंटिंग लायसन्ससारखे मोजके अपवाद आहेत, पण त्यावर विसंबण्याआधी वकिलाला विचारा, ग्रीन कार्डच्या फाइलशी खेळ नको. ग्रीन कार्ड असेल तर दुकानात बंदूक खरेदीचा ४४७३ फॉर्म, बॅकग्राउंड चेक, आणि वय किमान २१. परत जाताना घेऊन जाऊ, हा विचार सोडा, ९ मि.मी. भारतात प्रोहिबिटेड बोअरमध्ये, म्हणजे सामान्य नागरिकाला मनाई असलेल्या गटात मोडतं.

उरलेले पैसे कशावर घालायचे असतील तर मॅगझिनवर घाला. या डिव्हिजनमध्ये मॅगझिन १४१.२५ मि.मी.पर्यंत लांब चालते. १७ गोळ्यांच्या मॅगझिनला मोठं बूड लावलं की २२-२३ गोळ्या बसतात. मॅचमध्ये ती खडीत पडतात, धूळ खातात, कुणाच्या तरी बुटाखालीही येतात. प्रत्येकीवर मार्करने नंबर टाका. दरवेळी तीन नंबरचीच अडत असेल तर पिस्तुलात दोष शोधत बसायचं नाही, तिची स्प्रिंग बदलायची.